वेस्टमिन्स्टरमधील सफ्रजेट हेरिटेज वॉक

ब्रिटनमधील स्त्रियांच्या मताधिकार चळवळीवरचा लंडनमधील हा वॉक एक छोटी संस्था चालवते; या चळवळीतील आक्रमक कार्यकर्त्यांना 'सफ्रजेट' म्हणत. कॅक्स्टन हॉलपासून निघून पार्लमेंट स्क्वेअरमार्गे तो व्हिक्टोरिया टॉवर गार्डन्समधील सफ्रजेटांच्या नेत्या एमलिन पँकहर्स्ट यांच्या पुतळ्यापाशी संपतो. अंतर फारसे नाही, त्यामुळे वेळ चालण्यापेक्षा ऐकण्यात जातो, आणि ते ऐकण्याजोगे आहे.

फोडलेल्या काचा आणि तुरुंगातील उपोषणे यांची माहिती कुठेही मिळते. आमच्या मार्गदर्शिकेने मात्र सुरुवात खडूपासून केली. सभेचे ठिकाण आणि वेळ पदपथावर खडूने लिहिणे, अंगावर फलक अडकवून एकामागून एक चालणे, चौकात तासन्‌तास उभे राहून 'व्होट्स फॉर विमेन' हे चळवळीचे साप्ताहिक विकणे, हे या बायकांचे रोजचे काम होते. पदपथावर थांबल्यास रहदारीला अडथळा केल्याचा ठपका ठेवून पोलीस पकडतील, म्हणून विक्रेत्या खाली उतरून रस्त्याच्या कडेला, चिखलपाण्यात उभ्या राहत. हे सांगताना तिने आम्हालाही एका शांत गल्लीत पदपथावरून खाली उतरवले, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरा झेलत तिथे उभे राहणे किती अवघड असेल याची मला पहिल्यांदा नीट कल्पना आली. 21 जून 1908 च्या हाईड पार्कमधील प्रचंड सभेमागे अशीच मेहनत होती. त्या सभेचे आमंत्रण देण्यासाठी सफ्रजेट संघटक फ्लोरा ड्रमंड बोटीतून थेट संसदेच्या गच्चीसमोर गेल्या आणि तिथे चहा घेणाऱ्या खासदारांना त्यांनी पाण्यावरूनच भाषण ऐकवले. हा प्रसंग थेम्सच्या काठावर सांगण्याची योजनाही उत्तम आहे.

एक उणीव मात्र मनाला लागली. पार्लमेंट स्क्वेअरमधील, मताधिकारासाठी सनदशीर मार्गाने लढणाऱ्या नेत्या मिलिसेंट फॉसेट यांच्या पुतळ्याच्या चौथऱ्यावर चळवळीतील इतरांबरोबर सोफिया दुलीप सिंग यांचेही चित्र आहे. 18 नोव्हेंबर 1910 रोजी संसदेकडे गेलेल्या ज्या शिष्टमंडळातील स्त्रियांना पोलिसांनी बेदम मारहाण केली, त्यात सोफियाही होत्या, आणि 1913 मध्ये हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याबाहेर उभ्या राहून त्यांनी 'द सफ्रजेट' हे चळवळीचे वृत्तपत्र विकले. पंजाबचे शेवटचे शीख महाराजा दुलीप सिंग यांच्या या मुलीबद्दल मार्गदर्शिका एकच वाक्य बोलली, तेही मी विचारल्यावर. रस्त्यावरच्या प्रचारावर भर देणाऱ्या वॉकमध्ये त्यांना किमान दहा मिनिटे मिळायला हवीत, असे मी संस्थेला लेखी कळवले आहे.

तरीही हा वॉक मी आग्रहाने सुचवेन, विशेषतः शाळकरी मुलींना घेऊन येणाऱ्या पालकांना. पार्लमेंट स्क्वेअरमध्ये वाहनांच्या आवाजात काही ऐकू येत नाही, म्हणून मार्गदर्शिकेच्या अगदी जवळ उभे राहावे.