तीन सिलिंडरच्या गाडीला चार भोकांचे पॅकिंग

माझ्याकडे २००५ सालची, एमएच १३ पासिंगची मारुती ८०० आहे. गेल्या चैत्रात, सोलापुरात पारा ४२ अंशांच्या घरात असताना, गाडी सिग्नलला थांबली की बॉनेटमधून जळक्या तेलाचा वास येऊ लागला आणि घराच्या फरशीवर सकाळी ऑइलचे थेंब दिसू लागले.

ज्या गॅरेजमध्ये मी गाडी नेली, तेथील मिस्त्रीने बॉनेट उघडून मिनिटभरात निदान केले : "काका, हेड पॅकिंग गेलंय. ह्या उन्हात तुळजापूरचा घाट चढणार नाही तुमची गाडी, इंजिन जाम होईल." पुढच्याच आठवड्यात आम्हाला तुळजापूरला जायचे आहे, हे बोलण्याच्या ओघात मीच त्याला सांगून बसलो होतो. इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड उतरवणे, लेथवाल्याकडून फेसिंग (हेडची खालची बाजू घासून सपाट करणे), नवे पॅकिंग, नवे ऑइल आणि कूलंट असे मिळून ९,४०० रुपये ठरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी ताब्यात देताना त्याने न मागता जुने, काळे पडलेले हेड पॅकिंग माझ्या हातात ठेवले. त्या प्रामाणिकपणाने मी इतका भारावलो, की पक्के बिलही मागितले नाही. एका चिठ्ठीवर लिहिलेले आकडे पाहून पैसे दिले आणि पॅकिंग डिकीत टाकले.

दोन महिन्यांत तोच वास पुन्हा सुरू झाला. या वेळी शेजाऱ्यांनी अक्कलकोट रोडच्या बाजूला असलेल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेले. त्यांनी आधी इंजिन पुसून काढले, दहा मिनिटे चालू ठेवले आणि मग ऑइल नेमके कोठून पाझरते ते मला बॅटरीच्या उजेडात दाखवले. ते सर्वांत वरच्या टॅपेट कव्हरच्या कडेतून येत होते. या कव्हरखालचे रबरी पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेने कडक होते आणि तेथून झिरपलेले ऑइल तापलेल्या मॅनिफोल्डवर, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांवर, पडून जळते. हेड पॅकिंग त्याच्या बरेच खाली, हेड आणि त्याखालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामध्ये असते. ते गेले तर बहुधा कूलंट कमी होत जाते, इंजिन तापते, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखा थर दिसतो. माझ्या गाडीत यांपैकी काहीच नव्हते. हेड पॅकिंगमधूनही कधी ऑइल बाहेर येते, हे खरे. पण वरचे कव्हर पुसून पाहिल्याशिवाय तसे म्हणता येत नाही.

मी हेडचे काम नुकतेच झाल्याचे सांगताच त्यांनी मॅनिफोल्डचे नट दाखवले. फेसिंगसाठी हेड न्यायचे तर मॅनिफोल्ड सोडवावेच लागते, आणि येथे नटांवरचा गंज व वर्षांची मळी जशीच्या तशी होती. हेड आणि ब्लॉकच्या सांध्यावरील धुळीचा थरही कोठे तुटलेला नव्हता. रेडिएटरमध्ये गंजाच्या रंगाचे जुनेच पाणी होते. टॅपेट कव्हर उघडल्यावर जुन्याच पॅकिंगवर थापलेला सिलिकॉनचा लेप निघाला, आणि त्याचे काही तुकडे आत सुटलेले होते. असे तुकडे ऑइल पंपाच्या जाळीपर्यंत जाऊन ती तुंबली असती, तर ज्या इंजिनाची मला भीती घातली गेली होती ते खरोखरच जाम झाले असते.

शेवटी मी डिकीतले ते पॅकिंग आणून दिले. मिस्त्रींनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "साहेब, ह्याला मोठी भोकं किती?" चार होती. मारुती ८०० चे इंजिन तीन सिलिंडरचे असते, आर. सी. बुकातही ती संख्या छापलेली आहे, आणि सिलिंडर जितके तितकीच मोठी भोके हेड पॅकिंगला असतात. ज्या पुराव्याने माझी खात्री पटवली गेली, तो दुसऱ्याच कोणत्या तरी गाडीचा होता.

नवे टॅपेट कव्हर पॅकिंग आणि मजुरी मिळून ६५० रुपये झाले. वास थांबला.

पहिल्या गॅरेजमध्ये मी परत गेलो. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, हे मला ठाऊक होते. पण माझ्याकडील चिठ्ठीवर ना गॅरेजचे नाव, ना शिक्का, ना गाडीचा नंबर. मिस्त्री शांतपणे म्हणाला, "पोराने चुकून दुसऱ्या गाडीचं दिलं असेल, काका. आणा ते इकडे, तुमचं शोधून देतो." ते चार भोकांचे पॅकिंग मी अद्याप त्याला परत दिलेले नाही.