टेली-मानस १४४१६ : रात्री तीनला केलेला फोन

मी भूलतज्ज्ञ आहे, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एकटीच. गेल्या पावसाळ्यात सलग तिसऱ्या रात्री सिझरचा कॉल आला. स्पायनल, म्हणजे पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल दिली, बाळ रडलं, आईचं बीपी चांगलं राहिलं. एरवी बाळ रडलं की मी मास्कच्या आत हसते. त्या रात्री काहीच वाटलं नाही, नुसतं घड्याळाकडे पाहिलं. नंतर इमर्जन्सीच्या सिरिंज भरून ठेवताना मंदावलेले हृदयाचे ठोके वाढवणाऱ्या ॲट्रोपीनचं लेबल चार वेळा वाचलं, तरी खात्री पटेना.

पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण, पडायला लागलं की ऑक्सिमीटरच्या बीपचा सूर उतरतो. आमचा कान सतत त्यावरच असतो. मला तो उतरता सूर घरी मिक्सर बंद करतानाही ऐकू यायला लागला होता.

डॉक्टर्स रूममध्ये बसून १४४१६ लावला. केंद्र सरकारची ही मानसिक आरोग्याची फोनसेवा, टेली-मानस, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत आहे, चोवीस तास चालते आणि भाषा निवडताना मराठी घेता येते. मध्यरात्री थकलेल्या माणसाला इंग्रजीत रडता येत नाही हो, म्हणून हे आधी सांगते.

पलीकडच्या बाईंनी विचारलं, "ताई, शेवटचं कधी जेवलात?" हाच प्रश्न मी दिवसातून दहा पेशंटना विचारते. मला उत्तर आठवेना. तिथेच बांध फुटला. त्यांनी घाई केली नाही, रडू दिलं. मग स्वतःला संपवण्याचे विचार येतात का, हेही सरळ विचारलं. माझ्याकडे तसं काही नव्हतं. पण फेंटानिल, प्रोपोफॉलसारखी जीवघेणी ठरू शकणारी भुलेची औषधं रोज आमच्या हाताशी असतात. भूलतज्ज्ञाला हा प्रश्न आडपडदा न ठेवता विचारलाच पाहिजे. बावीस मिनिटं बोललो. त्यांच्याच सांगण्यावरून त्या आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना भेटले, आता झोप लागते.

पण या फोनकडून भलती अपेक्षा ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट आजारांत धरलेलं नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून त्याची नोंद आहे : गळून जाणं, कामापासून मन तुटणं, आपल्याला जमत नाही असं वाटणं. मला तिन्ही होतं. त्याचं मूळ ड्यूटी लिस्टमध्ये आहे, तिथे महिनाभर माझंच नाव असतं. दुसऱ्या भूलतज्ज्ञासाठी दोन पत्रं दिली, उत्तर आलेलं नाही. तिसरं देणार आहे. ते काम फोनवरच्या बाईंचं नाही.

मन मोकळं करायला, पहिलं पाऊल टाकायला मात्र ही सेवा उत्तम आहे. माझे पाचपैकी पाच तारे. ड्यूटी लिस्टशेजारी मी नंबरच्या सुट्या पट्ट्या कापलेला कागद चिकटवलाय. काल पाहिलं तर दोन पट्ट्या कुणीतरी नेल्या होत्या.