हाताने शिवलेले ब्रोग (भोकांची नक्षी असलेले चामडी बूट) का कापशी (कोल्हापुरी चपलेचा एक प्रकार)?
सूट असेल तर ब्रोगच घ्या, विषय संपला. पण धोतर, कुर्ता, अगदी जीन्सवरसुद्धा कापशीला तोड नाही भावा. ब्रोगवरची ती भोकं मूळची स्कॉटलंड-आयर्लंडच्या दलदलीतली, आत शिरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून पाडायचे, आता नुसती नक्षी राहिलीय आणि आरपार पण नसतात, त्यामुळं आपल्या जुलैच्या पावसात दोन्ही घरीच ठेवा. कापशीचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, शिलाई चामड्याच्याच वादीनं, खिळा नाही. भिजलं की फुगतं, सावलीतच वाळवायचं. सुरुवातीला चावते, तेल लावून मऊ करावी लागते (करकर आवाज येणारच, तीच तर मजा आहे!). ब्रोग पण नवा असताना टाच सोलतो म्हणा. त्याचा खरा फायदा म्हणजे वेल्ट शिलाई (वरचं चामडं आणि तळ मधल्या पट्टीला शिवलेला) असेल तर तळ झिजल्यावर नवा बसवता येतो, वरचं चामडं पॉलिश करत वर्षानुवर्षं वापरा. फक्त चिकटवलेला तळ असेल तर एवढे पैसे कशाला घालवायचे. २०१९ ला कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, तरी कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये (चपलांच्या बाजारात) घेताना वादी नीट बघूनच घ्या. मला विचाराल तर आधी कापशी, ब्रोग नंतर बघू.