कुंभारणीचं घर, मैल्याची टाकी आणि माझे ७३,०५० रुपये

आधी आकडा सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. ७३,०५० रुपये. बोटीतल्या संडासाची टाकी हळू रिकामी होत होती म्हणून. आणि खरा बिघाड निघाला सायकलच्या स्पोकने, दोन मिनिटांत, फुकट.

'यॉट आहे म्हणजे पैसा उतू चाललाय' असं लगेच म्हणू नका. सत्तावीस फुटी, जुनी, फायबरची शिडाची बोट आहे, तिघा मित्रांनी मिळून घेतलेली. मे संपायच्या आत ती वर काढतो, पावसाळाभर ती यार्डात ताडपत्रीखाली उभी असते आणि ऑक्टोबरात पुन्हा गेटवेसमोर मूरिंगवर येते. शनिवारी मांडव्यापर्यंत जाऊन यायचं, एवढीच आमची चैन.

बोटीबरोबरच होल्डिंग टँक, म्हणजे मैला साठवायची टाकी, आला होता. हेडमध्ये, म्हणजे बोटीतल्या संडासात, हातपंप मारला की सगळं ४५ लिटरच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टाकीत जातं. टाकी समुद्राच्या पातळीच्या वर बसवलेली आहे. तिच्या बुडाला ३८ मिलिमीटरचा पाइप, पाइपाच्या टोकाला सीकॉक, म्हणजे समुद्रात उघडणारी झडप. लांब गेल्यावर सीकॉक उघडायचा की तीन-चार मिनिटांत टाकी आपोआप खाली. मोठ्या जहाजांना प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायची बंदी आहे. आमच्या एवढ्याशा होडीला तो आंतरराष्ट्रीय नियम लागत नाही, पण जिथे आपलीच पोरं उड्या मारतात तिथे हे सोडायचं कुठल्या तोंडाने?

या ऑक्टोबरात पहिल्याच फेरीत टाकी रिकामी व्हायला पाऊण तास लागला. हेडचा पंपही जड झालेला, दांडा हाताला उलटा ढकलत होता. हे दुसरं लक्षण फार महत्त्वाचं आहे आणि मी त्याच्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

एका ग्रुपवर नंबर मिळाला. 'मरीन सॅनिटेशन एक्स्पर्ट', गोव्यात दहा वर्षं काम केलेला, निळी पेटी, खिशाला दोन टॉर्च. बोलायला मिठास. 'काका, तुम्ही आपली माणसं, तुमच्याकडून जास्त कसे घेणार?' हे वाक्य ऐकलं की खिशावर हात ठेवायचा, हे मला साठीत कळलं.

पहिल्या दिवशी पाहणीचे २,५००. पाइपात लघवीचे क्षार आणि खाऱ्या पाण्यातला चुना मिळून थर बसतो, म्हणाला. हे खोटं नाही. गीझरच्या कॉइलवर बसतो तसा दगडासारखा थर बसतो आणि ३८ चा पाइप बोटभर उरतो. फसवणारा माणूस सगळंच खोटं बोलत नसतो, म्हणून तर आपण फसतो. ॲसिड वॉशचे ९,५००. वर त्याच पाण्यात ब्लीच ओतायला निघाला होता, ते मी थांबवलं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र केलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद केबिनमध्ये तो जीव घेऊ शकतो. एवढं मला कळलं, त्याच गुर्मीत बाकीचं कळलं नाही.

फरक शून्य. मग दुसरी भेट, आणि ती मी मरेपर्यंत विसरणार नाही.

टाकीत समुद्राचं पाणी भरून चाचणी चालली होती. मी खाली गुडघ्यावर बसून टाकीवर टॉर्च धरलेला. टाकीचं प्लॅस्टिक अर्धपारदर्शक, त्यामुळे पाण्याची रेघ बाहेरून दिसते. सीकॉक उघडा, पण रेघ अर्धा तास जागची हलेना. वर डेकवर पंप-आउटची, म्हणजे टाकी वरून उपसायच्या तोंडाची, एक गोल टोपी असते. कुठलंसं एन्झाइम ओतायचं म्हणून त्याने ती किल्लीने फिरवली. आणि सूंऽऽऽ असा आवाज झाला. हवा आत ओढली गेल्याचा आवाज. माझ्या डोळ्यांदेखत रेघ चार बोटं खाली सरकली, मग आणखी चार.

मी ओरडलो, 'अहो, उतरलं! उतरलं!'

वरून उत्तर आलं, 'बघा काका, एन्झाइम लागू पडलं.'

मी मान वर केली. बाटली त्याच्या हातात होती. तिचं सील अजून फोडलेलं नव्हतं.

सील फोडलेलं नव्हतं, हे मी पाहिलं. पाहिलं आणि गप्प बसलो. मी मेकॅनिकल इंजिनियर आहे हो, व्हीजेटीआयचा! तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल गुळगुळ करत अडकतं, दुसरं पाडलं की धार लागते, हे आमच्या आजीला ठाऊक होतं. टाकीला हवा मिळत नव्हती, एवढाच त्या सूंऽऽऽ चा अर्थ. हवेसाठी प्रत्येक टाकीला एक बारीक व्हेंट असतो, त्याचं तोंड बोटीच्या बाजूला, कठड्याच्या खाली. तो बुजला की टाकीत पाण्याच्या वर पोकळी तयार होते आणि पाणी लटकून राहतं. वरून पंप मारताना आत अडकलेली हवा दाबली जाते, म्हणून दांडा उलटा ढकलतो. दोन्ही लक्षणं समोर होती. पण खाली उकाडा मरणाचा, वास त्याहून, आणि मला फक्त त्या भोकातून बाहेर यायचं होतं. त्याने तेवढ्यात टोपी घट्ट बसवली, रेघ थांबली, आणि तो म्हणाला, 'गुरुत्वाकर्षणावर आता नाही जमणार काका. मॅसरेटर पंप लागेल, मैला दळून बाहेर फेकणारा.' मी मान डोलावली. एन्झाइमचे ६,४००.

म्हणून सांगतो, कोणालाही बोलावण्याआधी सीकॉक उघडा ठेवून डेकवरची टोपी हळूच सैल करा. तोंड लांब धरा, कारण आत दाब असेल तर ते सगळं तुमच्या अंगावर येईल. टोपी उघडल्यावर टाकी धडाधड उतरली तर दोष व्हेंटचा. उतरली नाही तर पाइप किंवा सीकॉक बघा. सीकॉकच्या तोंडावर बाहेरून शिंपल्यांचा थर धरतो, मुंबईच्या पाण्यात तर फार लवकर.

तिसऱ्या भेटीत 'सगळा पाइप बदलला', ९ मीटर, १,४५० रुपये मीटरने १३,०५०. नंतर निघालं की दिसणारा दीड मीटर बदललाय, लाकडी फळीमागचा जुनाच पुसून ठेवलाय. हे कसं ओळखायचं? गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाइपाला गुंडाळा, थंड झालं की फडक्याचा वास घ्या. मी घेतला. जेवण गेलं नाही त्या दिवशी. आणि पाइप बदलणाऱ्याकडून कापलेले जुने तुकडे मागून घ्याच. थर खरंच असेल तर तुकड्यात दिसेल. मला त्याने सांगितलं, 'घाण कशाला दाखवू काका, समुद्रात टाकली.' होज क्लिपही स्टेनलेसच्या म्हणून लावल्या आणि आठवड्यात गंजल्या.

पंपाचे ३८,००० आगाऊ. 'माझं आजचं लिमिट संपलंय, मिसेसच्या नंबरवर टाका.' टाकले. तिन्ही वेळेस बोटीपर्यंत नेणाऱ्या डिंगीचं भाडं १,२०० प्रमाणे ३,६०० तेही मीच दिलं. पंप कस्टम्समध्ये अडकला, मग त्याची आई आजारी पडली, मग फोन बंद.

बिल छान छापील होतं. पत्ता माझगावचा, जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ असतो, २४ गुजरातचा. पंधरा आकडे-अक्षरांतले पहिले दोनच बघायचे होते. जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला तर कापडाचं दुकान निघालं. माझगावच्या पत्त्यावर गेलो तर चहाची टपरी, आणि टपरीवाला म्हणाला, 'तुम्ही चौथे.'

आता पोलीस. किनाऱ्याजवळच्या ठाण्यात म्हणाले, घटना पाण्यात घडली, बंदराच्या ठाण्यात जा. तिथे म्हणाले, पैसे तुम्ही घरून पाठवले, घराजवळच्या ठाण्यात जा. घराजवळ म्हणाले, काम तर केलंय ना त्याने? मग हा दिवाणी मामला. मी म्हटलं, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ वाचा, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, तक्रार नोंदवून घ्यावी लागते. 'वकील आहात का?' नाही. 'मग बसा.' तीन तास बसलो. शेवटी ज्याने लिहून घेतलं त्याला 'होल्डिंग टँक' कळेना. मी समजावलं. तो पेन ठेवून शेजारच्याला म्हणाला, 'अरे, यांच्या संडासाची चारशेवीस झालीय.' अख्खं ठाणं हसलं. चारशेवीस आता ३१८ झालंय, १ जुलै २०२४ पासून, असं मी म्हणालो, आणि मग तर जास्तच हसले. बँकेत गेलो तर 'पिन तुम्हीच टाकलाय ना सर?' ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, दोन वर्षांची मुदत असते, हे सगळं पाठ झालंय मला. पण नोटीस पाठवायची कुठे, टपरीवर?

फसवणूक ऑनलाइन झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासाला फोन करा. मी लाजेखातर अकरा दिवस कोणाला बोललो नाही, बायकोलासुद्धा नाही.

व्हेंट शोधला तो आमच्या तांडेलाने. मूळचा रेवसचा, साठीपुढचा. डेक धुताना बाजूला वाकला आणि म्हणाला, 'सायेब, इथं तर कुंभारणीचं घर हाय.' कुंभारीण म्हणजे मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी. स्पोक घातला, फिरवला. हातावर सुकी माती पडली, बोटाच्या पेराएवढी गुळगुळीत नळी, मोडली तर आत वाळलेले चिमुकले कोळी, पिल्लांसाठी साठवलेले. पावसाळाभर ताडपत्रीखाली कोरडं भोक मिळालं, तिने घर बांधलं. माती निघताच हाताला हवा लागली. त्या दिवशी टाकी साडेतीन मिनिटांत उतरली. तांडेलाला मी पाचशे देत होतो, त्याने घेतले नाहीत. 'याचं कसले पैसे?' बोट वर काढली की व्हेंटवर बारीक जाळी बांधा, आणि खाली उतरवताना काढायला विसरू नका.

भागीदारांना हिशेब दिला. २४,३५० प्रत्येकी. एकाने दिले. दुसरा म्हणतो, 'इंजिनियर तू आहेस.'

परवा कळलं, निळी पेटीवाला एक माणूस मांडव्याला एका बोटीवर चढताना दिसला. ओळखीतून त्या मालकाचा नंबर मिळवला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. फार गोड मुलगा आहे. आमची टाकी हळू उतरते ना, त्याला पंप आणायला सांगितलाय.'

मी विचारलं, 'डेकवरची टोपी उघडून बघितलीत का?'

'कसली टोपी?'