घरचा ग्लुकोमीटर: यंत्र स्वस्त, स्ट्रिप महाग

दिवाळीनंतरच्या तपासणीत माझी उपाशीपोटीची साखर १५८ आणि एचबीएवनसी (साखरेची मागच्या काही महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी) ८.१ निघालं. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू केली आणि घरी साखर मोजायचा मीटर ठेवायला सांगितलं. नौपाड्यातल्या मेडिकलमधून तेव्हा घेतलेला मीटर आता पावसाळा आला तरी रोजच्या वापरात आहे. मॉडेल मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढचं बहुतेक सगळं कुठल्याही मीटरला लागू पडेल.

सकाळचा आकडा डॉक्टरांच्या कामाचा. मला खरं शिकवलं ते जेवणाआधीच्या आणि पहिल्या घासापासून दोन तासांनंतरच्या आकड्यांच्या जोडीने. महाशिवरात्रीला साबुदाण्याच्या खिचडीआधी ११२, नंतर २३१! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, उपासाचा असला म्हणून काय झालं? सासूबाई म्हणाल्या, "अगं, उपास करून कुठे साखर वाढते? मशीनच बिघडलंय तुझं." नवी सुई लावून त्यांची तपासली. त्याच खिचडीनंतर त्यांची ११८. मशीन लगेच चांगलं झालं.

ज्वारीच्या भाकरीने साखर वाढत नाही, असाही आपल्याकडे फार गोड गैरसमज आहे. दोन भाकऱ्या आणि पिठलं खाल्लं तर मला १९०च्या पुढे जातं. आधी काकडीची कोशिंबीर, मग वाटीभर मटकीची उसळ आणि एकच भाकरी असेल तर दीडशेच्या आसपास. जेवणानंतर दोन तासांनी १८०च्या आत राहायचं, असं मला सांगितलंय. आमटीभात सोडलेला नाही, पण तो शेवटी आणि थोडाच. जेवून तलावपाळीला एक फेरी मारली की आकडा स्पष्ट खाली दिसतो. हे प्रत्येकाचं वेगळं असणार, माझे आकडे स्वतःला लावू नका.

आता वापराबद्दल. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला टोचा, तिथे कमी दुखतं. बोट पिळून रक्त काढायचं नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. आंबा कापून तसंच टोचलं तर बोटावरचा रसही मोजला जातो आणि उगाच धसका बसतो. ठाण्याच्या पावसाळी हवेत स्ट्रिपची (रक्ताचा थेंब घ्यायच्या, मीटरमध्ये घालायच्या पट्ट्यांची) बाटली उघडी ठेवणं म्हणजे पैसे पाण्यात. स्ट्रिप काढली की लगेच झाकण घट्ट. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत, कचरेवाल्याच्या हाताला लागायला नकोत.

लॅबच्या रिपोर्टशी आकडा जुळत नाही म्हणून बरेच जण मीटरला नावं ठेवतात. पण आयएसओ १५१९७ या अशा मीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात १०० किंवा त्यावरच्या आकड्याला १५ टक्क्यांपर्यंतची तफावत चालते. लॅबमध्ये १६० असेल तर मीटरवर १३६ ते १८४ मधलं काहीही चालून जातं. म्हणून १४२ आणि १४९ मधल्या फरकावर डोकं शिणवण्यात अर्थ नाही.

तक्रार आहे ती स्ट्रिपची. मीटर एकदाच घ्यायचा, स्ट्रिप मात्र कायमची, आणि एक मला साधारण वीस रुपयांना पडते. ऑनलाइन स्वस्तात मिळाल्या म्हणून मागवल्या, तर मुदत संपत आलेली. परत घ्यायला विक्रेत्याने महिनाभर घोळ घातला. त्यात बाटली उघडली की बऱ्याच स्ट्रिप ठरावीक महिन्यांतच संपवाव्या लागतात, त्यामुळे कमी तपासणाऱ्याने मोठा पॅक घेऊच नये.

एचबीएवनसी आता ६.८ आहे. ते साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगतं, त्यामुळे मीटर असला तरी ती तपासणी सुटत नाही. डॉक्टरांनी रोजचं टोचणं कमी करायला सांगितलंय. नवा पदार्थ ताटात आला की मात्र मी जोडी घेतेच. इन्सुलिन घेणाऱ्यांचं गणित वेगळं, त्यांनी किती वेळा तपासायचं ते डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. बाकी दुकानात गेलात तर मीटरची किंमत नंतर विचारा, आधी स्ट्रिपची विचारा, आणि ती स्ट्रिप जवळच्या दोन-तीन मेडिकलमध्ये मिळते ना, तेही बघा.