भिंतीवर स्खेवेनिंगन लावायचं तर सतराव्या शतकातलं की एकोणिसाव्या?

हॉलंडच्या समुद्रकाठच्या स्खेवेनिंगन गावाचं अस्सल एचिंग (तांब्याच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून कागदावर घेतलेला ठसा) घ्यायचं ठरवलं की निवड बहुधा दोन काळांत होते. एक डच चित्रकार सिमॉन द व्लीखरचा (मृत्यू १६५३), दुसरा शार्ल स्टॉर्म व्हान 'स ग्राव्हेसांडेचा (१८४१–१९२४). विषय जवळपास तोच: वाळूत ओढलेल्या सपाट बुडाच्या होड्या, मासळी, मागे वाळूचे उंचवटे. कारण स्खेवेनिंगनला १९०४ पर्यंत बंदरच नव्हतं. १८९४च्या वादळात किनाऱ्यावरच्या होड्यांचा चुराडा झाला, तेव्हा कुठे बंदराचं मनावर घेतलं गेलं.

रेषेत जुनी मंडळी सरस, हे मान्यच. चार रेघांत ओली वाळू उभी करतात. पण आपल्या खिशाला परवडतो तो बहुतेक वेळा उशिराचा ठसा. तांब्याची प्लेट झिजलेली, आणि ठशात आधी पुसट होतं ते आभाळ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लेटवर लोखंडाचा पातळ थर चढवू लागले, त्यामुळे प्लेट लवकर झिजत नाही आणि त्या काळातले ठसे बरेच एकसारखे निघतात. शिवाय छापणारा प्लेटवर थोडी शाई मुद्दाम ठेवतो आणि त्या किनाऱ्याचा तो करडा, दमट उजेड आपोआप येतो.

माझा निर्णय मात्र कडांनी केला. जुने संग्राहक ठसे अगदी प्लेटच्या खुणेपर्यंत (छापताना प्लेटच्या कडेचा कागदावर उमटलेला दाब) कापून वहीत चिकटवत. असा कागद फ्रेमवाल्याकडे नेला की माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, चित्रावरच चढतो. माझ्या जुन्या ठशात उजवीकडचं शीड अर्धं झाकलं गेलं. माउंटच्या खिडकीत कागद मोकळा ठेवून लावता येतो, पण मग कापलेली वाकडी कड रोज डोळ्यात खुपते. मागे सुकलेल्या गोंदाचे डाग होते ते वेगळेच. स्टॉर्मच्या ठशाला चारी बाजूंनी मोकळा कागद होता, प्लेटची दाबखूण बोटाला लागत होती. फ्रेम विनातक्रार झाली.

जुना कागद उजेडात धरून जलचिन्ह शोधण्याची हौस असेल, तर पहिला पर्याय घ्यावा, मी अडवणार नाही. तो ठसा फोल्डरमध्ये ठेवा, अधूनमधून काढून पाहा. माझाही आता तिथेच आहे. रोज समोर हवं असेल तर मी स्टॉर्मकडे झुकेन. कुठलाही घेण्याआधी अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियम या संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्याच प्लेटचा चांगला ठसा मिळतो का बघा आणि दोन्हींतलं आभाळ ताडून घ्या. गावातलं चर्च नेमकं जुळवायला मात्र जाऊ नका. बरेच जण समोर दिसेल तसं प्लेटवर कोरत, म्हणून छापल्यावर डावं-उजवं उलटं.