गोष्ट, कोश की प्रयोग : लहान मुलांसाठी विज्ञान-निसर्गाचे पुस्तक निवडताना

तीन ते सात वर्षांच्या मुलासाठी विज्ञानाचे किंवा निसर्गाचे पुस्तक घ्यायचे ठरवले की निवड साधारणपणे चार प्रकारांत येऊन थांबते : प्राण्यांना पात्रे करून सांगितलेल्या गोष्टी, एकाच विषयाचे सरळ वर्णन करणारी चित्रपुस्तके, साऱ्या जगाची माहिती एका बांधणीत देणारे जाडजूड बालकोश, आणि घरी करून पाहायच्या प्रयोगांची पुस्तके. कुतूहल वाढवण्याचे आश्वासन चारही प्रकारांच्या मलपृष्ठांवर असते, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. पुस्तक मुलाला काय खरे म्हणून सांगते आणि कोणत्या रीतीने सांगते, हे पाहावे लागते. सहा वर्षांपर्यंतच्या मुलासाठी माझा कौल एकाच विषयाच्या चित्रपुस्तकाला आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

गोष्टींच्या पुस्तकांची बाजू वरकरणी सर्वांत भक्कम वाटते, कारण लहान मूल गोष्ट सोडत नाही. मात्र गोष्ट सांगणे आणि प्राण्याला माणूस करणे या दोन निराळ्या बाबी आहेत. अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू हा क्रम मुळातच गोष्टीसारखा आहे. त्यात अळीला टोपी घालून तिच्या तोंडी संवाद द्यावे लागत नाहीत. बालमानसशास्त्राच्या संशोधक पॅट्रिशिया गानेआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी प्राण्यांची पुस्तके वाचून दाखवण्यात आली. काहींना वस्तुनिष्ठ भाषेतली, तर काहींना प्राण्यांना माणसासारखे मन आणि हेतू देणाऱ्या भाषेतली. दुसऱ्या गटातील मुले खऱ्या प्राण्यालाही माणसाचे गुण अधिक चिकटवू लागली आणि त्यांपैकी लहान वयाच्या मुलांनी नवी माहिती कमी आत्मसात केली. यावरून बोलक्या प्राण्यांच्या गोष्टी घरातून हद्दपार कराव्यात असे मुळीच नाही. त्या गोष्टी म्हणून वाचाव्यात, निसर्गाचे पुस्तक म्हणून विकत घेऊ नयेत, एवढेच.

मराठीत या प्रकाराला आणखी एक गंमतशीर अडचण आहे. आपल्या भाषेत प्रत्येक प्राण्याला लिंग चिकटलेले असते आणि लेखक त्याच्या मागे फरफटत जातो. मुंगी आणि मधमाशी हे शब्द स्त्रीलिंगी आहेत आणि योगायोगाने ते बरोबरही आहे, कारण वसाहतीत राबणाऱ्या साऱ्या कामकरी माद्याच असतात. पण मुंगळा म्हटला की चित्रकार त्याला बिनदिक्कत मिशा काढतो, आणि प्रत्यक्षात दाणे वाहून नेणारा तो मुंगळाही मादीच असतो. कोकिळेची गत नेमकी उलट आहे : शब्द स्त्रीलिंगी, कवितेत गाणारीही तीच, आणि झाडावरून ‘कुहू’ करणारा मात्र नर. ज्या पुस्तकाने या जागी मुलाला एका वाक्याने सावध केले आहे, त्याच्या लेखकाने विषय पाहून लिहिला आहे असे खुशाल समजावे.

एका विषयाच्या चित्रपुस्तकाचा फायदा असा की त्याला घाई नसते. बालकोशात फुलपाखराच्या वाट्याला चार ओळी येतात. इथे बत्तीस पानांत अळीने कितीदा कात टाकली, आणि शेवटची कात गळून पडल्यावर आतून कोश कसा उघडा पडला, हे दाखवायला जागा मिळते. फुलपाखराची अळी रेशीम-किड्याप्रमाणे स्वतःभोवती धाग्यांचा कोश विणत नाही, पण ती विणते असे दाखवण्याची गफलत चित्रपुस्तकांत वारंवार दिसते. दुसरी कसोटी त्याहून सोपी आहे : चित्रातील मुंगीचे पाय मोजावेत आणि ते कोठून निघतात ते पाहावे. सहाही पाय शरीराच्या मधल्या भागाला, म्हणजे वक्षाला जोडलेले असतात. पोटाला चिकटवलेले पाय दिसले तर चित्रकाराने मुंगी निरखलेली नाही. कोळ्याला आठ पाय असतात आणि मिशा, म्हणजे स्पर्शिका, अजिबात नसतात. जगाच्या विरुद्ध टोकांना राहणारे ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन एकाच हिमखंडावर उभे असतील तर ते पुस्तक तसेच परत ठेवावे.

छायाचित्र घ्यावे की रेखाटन, हा प्रश्न वयावर सोडवता येतो. दीड-दोन वर्षांची मुले पुस्तकात पाहिलेली वस्तू प्रत्यक्षात ओळखतात ती चित्र खऱ्यासारखे असेल तेव्हा अधिक सहजपणे, असे प्रयोगांत दिसलेले आहे, म्हणून त्या वयाला स्वच्छ छायाचित्रे बरी. पुढे मात्र चांगले रेखाटन सरस ठरते, कारण छायाचित्राला जमिनीखालची मुळे, अंड्यातील पिल्लू आणि वारुळाचा उभा छेद एकाच पानावर दाखवता येत नाही. छायाचित्रांत पिसू आणि हत्ती सारख्याच आकाराचे छापले जातात, तेव्हा शेजारी खऱ्या आकाराची खूण आहे का, एवढे पाहून घ्यावे.

झडपा, खिडक्या आणि ओढायच्या पट्ट्या असलेल्या पुस्तकांबद्दल थोडक्यात : 2010 च्या एका अभ्यासात दोन-तीन वर्षांच्या मुलांनी अशा करामती नसलेल्या पुस्तकातून अधिक नवी माहिती उचलली. झाडाची साल उचलल्यावर खाली भुंग्याची अळी दिसत असेल तर झडप कामाची आहे. नुसतेच झाकलेले उघडायचे असेल तर मूल झडपेशीच खेळत बसते.

प्रयोगांच्या पुस्तकांत कृती बहुधा बरोबर असतात, कारणे चुकतात. ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून वर काचेचा पेला पालथा घातला की पाणी आत चढते, आणि ज्योतीने ऑक्सिजन संपवला म्हणून त्याची जागा पाण्याने घेतली, असे स्पष्टीकरण पिढ्यान्‌पिढ्या छापले जात आहे. वास्तविक ज्योत विझते तेव्हा पेल्यात ऑक्सिजन शिल्लक असतो. पाणी चढते ते मुख्यतः तापून पसरलेली हवा निवताना आकसते म्हणून, आणि त्यामुळेच ज्योत विझल्यावर ते झपाट्याने वर येते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांच्या फेसाला ‘ज्वालामुखी’ म्हणणेही असेच. खऱ्या ज्वालामुखीत शिलारसात विरघळलेले वायू दाब कमी होताच बाहेर पडतात. सोडावॉटरची बाटली फटकन उघडणे त्याला कितीतरी जवळचे आहे. या प्रकारात मी मांडणीला महत्त्व देतो : ‘काय होईल असे वाटते?’ हा प्रश्न उजव्या पानावर आणि उत्तर पान उलटल्यावर असेल, तर मुलाला अंदाज करायला उसंत मिळते. ओल्या कापसावर बी रुजत घालून रोज निरीक्षण करायला लावणारे पुस्तक पाच वर्षांच्या मुलाला पुरते. आगीचे प्रयोग मोठ्यांनी करून दाखवावेत.

बालकोश सात वर्षांच्या आत घेण्याची घाई करू नये. मूल तो वाचत नाही, चाळते, आणि चाळताना जे मनात बसते ते बहुधा चित्राचे प्रमाण असते. सूर्यमालेच्या दुपानी चित्रात ग्रह माळेतल्या मण्यांसारखे लागून काढलेले असतात. पृथ्वी 1 सेंटिमीटरची मानली तर चंद्र 30 सेंटिमीटरवर येतो, सूर्य सुमारे 109 सेंटिमीटर रुंद होतो आणि तो जवळपास 117 मीटर दूर ठेवावा लागतो. नेपच्यून तर साडेतीन किलोमीटरवर जातो. चित्र चुकीचे असणे अटळ आहे, पण ‘अंतरे प्रमाणात नाहीत’ ही ओळ खाली हवी.

थोरल्या भावंडाचा जुना कोश घरात असेल तर तो सरसकट बाद करण्याचे कारण नाही. प्राण्यांची शरीररचना, पाऊस, खडक आणि बिया यांची पाने सहसा जुनी होत नाहीत. अवकाशाची आणि डायनासोरांची पाने मात्र आवृत्तीचे साल पाहूनच दाखवावीत : प्लूटोला 2006 मध्ये ग्रहांच्या यादीतून बटुग्रहांत हलवण्यात आले, पिसांसारखे आवरण असलेल्या डायनासोराचा जीवाश्म चीनमधून 1996 मध्ये पुढे आला, आणि शनीच्या ज्ञात चंद्रांची संख्या 2025 मध्ये 274 वर पोहोचली.